चाळीस लाखांची गाडी, साडेचार लाखांत

जुनी महागडी गाडी घ्यावी का, यावर शौकीन आणि हिशेबी वाद घालतात. शौकीन थेट आकड्यांवर येतो.

"२००८ सालची मर्सिडीज ई २८० सीडीआय घे. डब्ल्यू २११ या पिढीतली, शेवटच्या वर्षांतली, आपल्या पिंपरीत जोडलेली. नवी होती तेव्हा चाळीस लाखांच्या घरात होती. आज नीट राखलेली साडेचार लाखांच्या आसपास मिळते. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, सात गिअरचं ऑटोमॅटिक, आणि एक्स्प्रेसवेवर मागे बसलेल्या आईला डुलकी लागावी अशी चाल. आता तिच्या शेजारी वीस लाखांची नवी गाडी ठेव. विम्यासाठी गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना जो घसारा धरतात तो बघ. दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. वीसातले दहा लाख पाच वर्षांत गेले, वर्षाला दोन लाख, आणि त्याचं बिल कुणी हातात ठेवत नाही. माझी गाडी तेवढ्या काळात फार तर दोन लाखांनी उतरेल. बाकीचे आठ लाख मला दुरुस्तीला मोकळे आहेत. जुन्या गाडीचा खर्च बिलावर छापून येतो म्हणून तो सगळ्यांना दिसतो. नव्या गाडीचा विकतानाच कळतो, आणि तोवर माणूस पुढच्या गाडीच्या आनंदात असतो."

हिशेबी ही वजाबाकी खोडून काढत नाही. त्याची हरकत निराळी आहे.

"नव्या गाडीचे दोन लाख दर वर्षी ठरल्या वाटेनं जातात आणि गाडी रोज सकाळी सुरू होते. तुझे आठ लाख कधी जातील, हे तुला सांगता येणार नाही. तीन वर्षं काही निघणार नाही, मग एकाच पावसाळ्यात दोन मोठी कामं निघतील. इतक्या जुन्या गाडीला बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणजे सौदाही रोखीनं आणि दुरुस्तीही रोखीनं. पण खरी गोम पुढे आहे. गाडीची किंमत उतरली, तिच्या सुट्या भागांची उतरली नाही. जोडणी पिंपरीत झाली तरी इंजिन-गिअरबॉक्सचे भाग जर्मनीहून यायचे, आजही तिथूनच येतात. २००८ मध्ये युरो ६५ रुपयांच्या आसपास होता, आज शंभराच्या घरात आहे. वडिलोपार्जित वाडा वाट्याला फुकट येतो, पण दर वर्षीची शाकारणी फुकट होत नाही. साडेचार लाखांना तू गाडी घेतोस. सांभाळायची मात्र चाळीस लाखांचीच.

"विम्याचंच बघ. आयडीव्ही साडेचार लाख म्हणून हप्ता कमी बसतो आणि लोक खूश होतात. पण दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. तुझ्या गाडीला ही रेषा ३,३७,५०० रुपयांवर येते. समोरून बसलेल्या एका मध्यम धडकेत दोन झेनॉन हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट आणि उघडलेल्या एअरबॅग धरल्या, की ती सहज ओलांडली जाते. अपघात लहान असला आणि दावा मंजूर झाला, तरी रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो; दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. तो माफ करणारं झीरो डेप कवच एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही."

हा मुद्दा बिनतोड आहे. जुनी गाडी घेणारे हप्ता किती ते विचारतात, ही ७५ टक्क्यांची रेषा विचारत नाहीत. ती सौद्याच्या आधी विचारायला हवी. शौकीन तेवढं कबूल करतो आणि गाडीच्या भरवशाकडे वळतो.

"'जर्मन गाड्या त्रास देतात' हे वाक्य मला मान्य नाही, कारण कोणत्या वर्षाची आणि कोणत्या इंजिनाची गाडी, हे ते सांगतच नाही. याच डब्ल्यू २११ ची पहिली वर्षं घे. तिच्यात सेन्सोट्रॉनिक नावाचे ब्रेक होते. पायाचा दाब संगणक मोजायचा आणि त्याप्रमाणे पंप आणि झडपा प्रत्येक चाकाला ब्रेक लावायच्या. मे २००४ मध्ये या ब्रेकसाठी कंपनीला जगभरातून ६,८०,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २००५ मध्ये १३ लाख गाड्यांची जी मोठी फेरी झाली, तिच्यातही हे ब्रेक होते. ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी त्या युनिटमध्येच चालू असते, आणि ठरावीक आकडा झाला की युनिट बदलण्याचा इशारा येतो. २००६ च्या फेसलिफ्टमध्ये कंपनीनं ई-क्लासमधून ही यंत्रणा काढली आणि नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक परत आणले. रस्त्यावर २००५ ची आणि २००८ ची गाडी शेजारी उभी केली तर बहुतेकांना फरक सांगता येणार नाही. पण एकीच्या ब्रेकला आयुष्याची मोजणी लागलेली आहे, दुसरीच्या नाही. भरवशाबद्दल बोलायचं तर या पातळीवर बोललं पाहिजे.

"याच पिढीतलं पेट्रोल व्ही-सिक्स, एम २७२. सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा गिअर कमी टणक धातूचा होता. तो झिजला की अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. इंजिन नंबरवरून कळतं, त्यामुळे टाळता येतं. बीएमडब्ल्यू ५२०डी मधलं एन ४७ डिझेल, त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे. चेन खळखळायला लागली की इंजिन किंवा गिअरबॉक्स काढल्याशिवाय हात पोचत नाही. आणि १९९५ पासून पुण्यात बनलेली डब्ल्यू १२४, जिच्या टिकाऊपणाच्या कथा सगळे सांगतात? नव्वदच्या दशकातल्या त्या गाड्यांमध्ये इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेनं भुगा होऊन गळायचं. प्रत्येक दोषाला नाव आहे, साल आहे. माझ्या ई २८० मध्ये ऑइल कूलरचे सील गळतात आणि गिअरबॉक्सच्या आतली इलेक्ट्रॉनिक प्लेट जाते, हे मला आजच माहीत आहे. ती दोन कामं सौद्याच्या रकमेत धरली, की अचानक असं फारसं उरत नाही."

"ऑइल कूलरच्या सीलचंच बोलू," हिशेबी म्हणतो. "ते सील म्हणजे रबराच्या लहानशा कड्या. सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत, सगळ्यांत तळाशी बसवलेल्या. तिथवर पोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड, दोन्ही काढावं लागतं. भागाची किंमत नगण्य, मजुरी काही दिवसांची. किंवा जुन्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकचं कनेक्टर घे. प्लॅस्टिकचा एक छोटा प्लग, त्याची ओ-रिंग कडक होते, तेल झिरपतं, आणि तारेच्या आतून चढत चढत थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत जातं. वेळेवर बदलला तर एका संध्याकाळचं काम. दुर्लक्ष झालं तर युनिट बाद. तुझी यादी मला पाठ करता येईल, पण तिच्यातून मला दिसतं ते असं, की या गाड्या कारखान्यात भराभर जोडता याव्यात म्हणून आखल्या, पंधरा वर्षांनी उघडता याव्यात म्हणून नाही. लोखंड टिकतं, रबर आणि प्लॅस्टिक टिकत नाही, आणि अशा गाडीत रबर आणि प्लॅस्टिक साध्या गाडीच्या कितीतरी पट जास्त असतं.

"म्हणूनच 'फक्त चाळीस हजार चाललेली' हे ऐकून मला हायसं वाटत नाही. उभी राहिलेली गाडीही म्हातारी होते. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं, सील आकसतात, टायर कडक होतात. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठव. आतलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत गेलं, आणि त्यापायी जगभर कित्येक कंपन्यांना गाड्या परत घ्याव्या लागल्या. आपली मुंबई, आपलं कोकण, हवा नेमकी तशीच."

"चासी नंबर टाकून रिकॉल तपासता येतो," शौकीन म्हणतो, "आणि तपासल्याशिवाय घेऊच नये. पण गाडी म्हातारी होते म्हणजे ती संपते, हे मला पटत नाही. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीवाल्यानं १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. अमेरिकेत मॅट फराह या मोटारपत्रकारानं १९९६ ची लेक्सस एलएस ४०० अशी घेतली, की तिच्यावर तेव्हाच नऊ लाख मैलांच्या आसपास झालेले होते, आणि ती दहा लाख मैलांच्या पुढे नेली. म्हणजे सोळा लाख किलोमीटर. ती तर खरीखुरी आरामाची मोठी सेदान होती."

"दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूची आहेत. त्या टॅक्सीचं इंजिन एकदा नाही, पुन्हा पुन्हा बदललं गेलं. ती टिकली, कारण तिच्या मालकाचं पोट तिच्यावर होतं आणि बदलण्यासारखं सगळं सुटं, साधं आणि हाताशी होतं. तिच्यात एकही संगणक नव्हता. आणि एलएस ४०० चं म्हणशील तर ती गाडी भारतात घेणार कुठून? लेक्सस इथे अधिकृतपणे २०१७ मध्ये आली. आपल्या जुन्या बाजारात आराम म्हणजे मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी. जपानी भरवसा हवा तर कॅम्री किंवा अकॉर्डवर थांबावं लागतं."

कॅम्रीवर शौकीन फार वेळ घालवत नाही. चांगली गाडी, ज्याला फक्त भरवसा हवा त्यानं तीच घ्यावी, एवढं बोलून तो त्याच्या मते कळीच्या प्रश्नावर येतो: गाडी कुणाच्या हातात असते?

"कंपनीच्या वर्कशॉपचं कोटेशन धरून जुनी मर्सिडीज चालवता येत नाही, हे मी आधीच मान्य करतो. पण मर्सिडीज सगळे भाग स्वतः बनवत नाही. सस्पेन्शनचे आर्म लेमफोर्डरचे, शॉक ॲब्सॉर्बर बरेचदा सॅक्सचे, इंजेक्टर बॉशचे, फिल्टर मानचे. कंपनीच्या डब्यातला आर्म आणि लेमफोर्डरच्या डब्यातला आर्म एकाच कारखान्यातून येतात. दुसऱ्यावरची चांदणी तेवढी घासून काढलेली असते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, तिथे कुणाला काय विचारायचं हे कळलं की अर्धा हिशेब बदलतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये शिकून बाहेर पडलेले आणि स्वतःचं गॅरेज टाकलेले लोक या दोन शहरांत आहेत. ज्याच्याकडे असा मिस्त्री आहे त्याला ही गाडी परवडते."

"आणि रत्नागिरीत राहणाऱ्याला?"

"त्याला मी ही गाडी घे म्हणणार नाही."

"मग तू आत्ता जे बोललास ते गाडीबद्दल नव्हतंच. तीच गाडी कोथरूडमध्ये भरवशाची आणि रत्नागिरीत बेभरवशाची. तिथे गिअरबॉक्स लिंप मोडमध्ये गेला, तर फ्लॅटबेडवर घालून घाट चढवायचा आणि भाग येईपर्यंत पंधरा दिवस वाट बघत बसायचं. भरवसा हा गाडीचा गुण आहे असं आपण बोलतो, पण तुझ्याच म्हणण्यावरून तो गाडी, मिस्त्री आणि मालकाची गरज या तिघांमध्ये वाटलेला आहे. त्यात आणखी एक भर घाल: आधीचे मालक."

इथून हिशेबीच्या बोलण्यात हिशेबापेक्षा चीड जास्त आहे, आणि ती रास्त आहे.

"बीएमडब्ल्यूनं वर्षानुवर्षं गिराइकांना सांगितलं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं, बदलायची गरज नाही. तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला. आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर? पहिल्या मालकाच्या. त्यानं तीन-चार वर्षं गाडी वॉरंटीत वापरली आणि दिली. दुसऱ्यानं पुस्तिकेत लिहिलं नाही म्हणून तेल बदललं नाही, पहिला झटका जाणवला तशी विकली. तिसरा मालक साडेचार लाख घेऊन आला, आणि दोघांनी न केलेला खर्च त्याच्या अंगावर पडला. पुराचं पाणी तर आणखी वाईट. डिसेंबर २०१५ चं चेन्नई, ऑगस्ट २०१९ चं सांगली-कोल्हापूर. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात उभी करता येते. या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल कार्पेटखाली, सीटखाली, डिकीच्या तळाशी असतात. गंज आतून चढतो आणि वर्षभरानं एकेक दिवा लागायला लागतो."

शौकीन उत्तर देतो ते अनुभवी माणसाचं. "सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, पुराचा गाळ पट्ट्याच्या आतल्या टोकाला राहतो. स्टेपनीची खोबण उघडायची, कार्पेट उचलायचं. स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलच्या नोंदी वाचायच्या, नुसत्या इंजिनाच्या नाही; मीटर मागे फिरवणाऱ्याकडून एखाद्या दोषाच्या नोंदीजवळचे खरे किलोमीटर पुसायचे राहून जातात. सर्व्हिसची बिलं मागायची, शिक्के नाही. जो विकणारा गाडी लिफ्टवर घेऊ देत नाही त्याच्याकडून घ्यायचीच नाही. आणि तू म्हणतोस तसा दुसरा मालक मी पाहिला आहे, तसा गिअरबॉक्सचं तेल दोनदा बदललेला आणि प्रत्येक बिल फाइलला लावलेला मालकही पाहिला आहे. बाजार दोघांच्या गाड्यांना जवळजवळ एकच भाव देतो. सगळी संधी त्यातच आहे."

कायद्याचा भाग दोघंही लवकर उरकतात, कारण त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये आहे, आयात केलेल्या मोटारीला ४०,०००. पिंपरीत जोडलेली गाडी आयात धरली जात नाही, हा फायदा. वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये फी १०,००० झाली. पर्यावरण कर आणि फिटनेस निराळे. दिल्लीत जुन्या डिझेलवरच्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण एनओसी आणून महाराष्ट्रात पुन्हा कर भरावा लागतो आणि स्वस्ताई बरीच विरते. हिशेबी एवढीच भर घालतो, की जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं हटवता येतील का हे पाहण्यासाठी समिती नेमायला सांगितलं आणि राज्य सरकारनं ती नेमली. डिझेल नको म्हणून जुनं पेट्रोल घ्यावं, तर पंपावर २० टक्के इथेनॉल, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नाहीत.

यानंतर शौकीन स्वतःहून अशा विषयाला हात घालतो, जो हिशेबीनं अजून काढलेला नाही.

"मला खरी भीती आणखी कशाची तरी आहे. माझ्या गाडीचं सात गिअरचं ऑटोमॅटिक बिघडलं आणि मी भंगारातल्या तशाच गाडीचं चांगलं कंट्रोल युनिट आणलं, तर ते नुसतं बसवून चालत नाही. ते मूळ गाडीशी बांधलेलं असतं. ते कोरं करून माझ्या गाडीला जोडावं लागतं, आणि त्याचा अधिकृत मार्ग कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. काही जाणते लोक ते बाहेर करतात, पण किती दिवस करू शकतील? चोरी थांबावी हा त्यामागचा हेतू मला समजतो. पण त्याच कुलपानं तिसऱ्या मालकालाही बाहेर ठेवलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारं आणि मोबाइलबरोबर मोटारीही तिच्या कक्षेत होत्या. मला हवं ते तिथे आहे: पुस्तिका, निदानाचं सॉफ्टवेअर, सुटे भाग, आणि कोडिंग करण्याची वाट, वाजवी दरात, कुठल्याही गॅरेजला."

"म्हणजे तू मान्य करतोस," हिशेबी म्हणतो, "की डब्ल्यू २११ नंतरच्या गाड्या आणखी घट्ट बांधलेल्या आहेत. २०२० ची ई-क्लास २०३८ मध्ये साडेचार लाखांना मिळेल तेव्हा तुझा नाना पेठेतला मार्ग तिला लागू पडेल?"

"कायदा आला तर पडेल. नाही आला तर नाही, आणि तेव्हा चांगल्या पोलादाची, उत्तम बांधलेली गाडी एका मॉड्यूलपायी भंगारात जाईल. म्हणूनच मला वाटतं की आज या गाड्या लोकांनी घ्याव्यात, चालवाव्यात, उघडाव्यात. त्यांना मागणी असली तरच भाग बनत राहतील आणि मिस्त्री शिकत राहतील. कुणीच घेतल्या नाहीत तर दुरुस्तीचा हक्क मागणारं कोण उरेल?"

"मागणी टिकावी म्हणून कुणी घ्यायची, हेच मला विचारायचं आहे. तुझ्या अटी मोजू. दर वर्षी लाखभर रुपये बाजूला काढलेले, घरात दुसरी चालती गाडी, शहरात मिस्त्री, स्वतःला थोडी यंत्राची जाण, आणि विमा पूर्ण भरपाई देणार नाही हे पचवण्याची ताकद. हे ज्याच्याकडे आहे त्याला साडेचार लाखांचं आकर्षण नसतं. तो नवी घेऊ शकतो. त्या किमतीला भुलतो तो ज्याच्याकडे साडेचार लाख एकदाच आहेत. मुलीच्या लग्नात गाडी दारात दिसावी म्हणून घेणारा, किंवा आयुष्यभर दुसऱ्याची मर्सिडीज चालवून निवृत्त झालेला ड्रायव्हर."

"त्या ड्रायव्हरला यातलं माझ्या-तुझ्यापेक्षा जास्त कळतं," शौकीन म्हणतो. "आणि त्याच्या इच्छेला मी चूक म्हणणार नाही. तो माझ्याकडे आला तर मी त्याला २००८ ची ई २२० सीडीआय शोधून देईन: चार सिलिंडर, पाच गिअर, तुझं ते प्लॅस्टिकचं कनेक्टर पहिल्याच आठवड्यात बदलून. सौद्यात साडेतीन लाख घालायचे, एक लाख हातात ठेवायचा."

"आणि दुसऱ्या वर्षी तो लाख संपला तर?"

"तर ती विकायची, सगळी बिलं आणि निघालेलं काम पुढच्याला दाखवून."

"बिलं दाखवली की भाव पडतो. तू म्हणालास की बाजार दोघांनाही एकच भाव देतो. निघालेलं काम उघड सांगणाऱ्याला तो त्याहून कमी देतो. मग तो ड्रायव्हर ती बिलं दाखवेल असं तू कशावरून धरतोस?"

शौकीन म्हणतो, मी घेणारा असेन तर बिलं दाखवणाऱ्याला वीस हजार जास्त देईन. हिशेबी विचारतो, असे घेणारे किती?